चित्रातले खेडे आणि आपले खेडे
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे सांगायला चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा विषयही त्यांनी बरोबरच आणला होता. आपल्या सभागृहाची समोरची भिंत यंदा नवा गिलावा होऊन कोरी उभी आहे. तिच्यावर ग्रामीण जीवनाचे एक मोठे चित्र काढून घ्यावयाचे असे आपण ठरविले आहे. ठराव एकमताने झाला, पण ते चित्र कसे असावे यावर मात्र आपल्यात दोन तट पडले आहेत. "तुम्ही इतकी वर्षे मुलींना चित्रकला शिकविलीत, आता आम्हालाही दोन गोष्टी सांगा," असे त्या म्हणाल्या. तेव्हा आजचे हे बोलणे नुसते करमणुकीचे नाही. येत्या बैठकीत आपल्याला हात वर करून मत द्यावयाचे आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे ही विनंती.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आधी सांगते. एक बाजू म्हणते, चित्र प्रसन्न असावे. डोक्यावर घागर घेतलेली एखादी देखणी शेतकरीण, कौलारू घर, मागे डोंगर, उगवता सूर्य, बाजूला चार नारळाची झाडे. पाहणाऱ्याला बरे वाटले पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, खेडे मुळी नकोच. "ज्या राबणुकीतून आमच्या आया सुटल्या नाहीत आणि आम्ही कशाबशा सुटलो, तीच पुन्हा भिंतीवर रंगवून रोज कशाला पाहायची? त्यापेक्षा फुले काढा." मला दोन्ही बाजूंच्या मैत्रिणींविषयी आदर आहे, आणि दोघींच्याही म्हणण्यात काही खरे आहे. कोणते खरे, ते पाहण्यासाठी आपण जरा दूरवर फिरून येऊ.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या असतील. त्यांत स्मरणचित्राचा एक कागद असे. पाणवठा, आठवड्याचा बाजार, बैलपोळा, शेतातील काम, असे विषय येत. महाराष्ट्रातल्या मुलामुलींनी खेड्याची जितकी चित्रे या एका कागदावर काढली असतील, तितकी दुसऱ्या कुठल्याही निमित्ताने काढली नसतील. मी ती वर्षानुवर्षे तपासली. मुली असत परभणीच्या, मानवतच्या, पूर्णेच्या. जिकडे पाहावे तिकडे काळी सपाट जमीन, बांधावर बाभळ, गावाजवळ कडुनिंब, घरावर माळवद नाही तर पत्रे, हे त्यांनी जन्मापासून पाहिलेले. पण कागद पुढे आला की दोन त्रिकोणी डोंगर उभे राहात, त्यांच्यामधून सूर्य डोकावे, एक नदी वळणे घेत खाली येई आणि काठावर नारळ डोलू लागे! गोदाकाठी कुठे नारळाचे बन आहे? पण मुलींना वाटे, खेडे म्हणजे असेच असते. पुस्तकात तसे छापलेले असे, दिनदर्शिकेवर तसे असे, फराळाच्या डब्यावरही तसेच असे. डोळ्यांनी पाहिलेल्या खेड्यापेक्षा कागदावर पाहिलेले खेडे त्यांना अधिक खरे वाटत असे. हा दोष मुलींचा मुळीच नव्हे. चित्राचे सामर्थ्यच असे आहे. मनात एकदा जाऊन बसले की ते डोळ्यांना बाजूला सारते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की हे कागदावरचे खेडे आले कोठून?

आपल्या घरांत चित्र शिरले ते देवाच्या पाठीवर बसून. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून लक्ष्मी-सरस्वती निघाल्या आणि घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. तोवर रंगीत चित्र ही राजेरजवाड्यांच्या महालातली गोष्ट होती. ती गरिबाच्या देव्हाऱ्याशेजारी आली, हे मोठेच काम झाले. पुढे दिनदर्शिका आल्या, दिवाळी अंक आले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, मुळगावकरांची चित्रे घरोघरी गेली. त्या मुखपृष्ठांची आपण किती वाट पाहात असू! रेषेची सफाई आणि रंगांचा गोडवा यांबाबत या मंडळींचा हात धरणारे थोडेच. परंतु त्या चित्रांतील पाणी भरणारी बाई पाण्याला निघाली आहे असे कधी वाटले का? तिच्या पायाला चिखल नाही, कपाळावर घाम नाही, आणि घागर तर बहुधा रिकामीच असावी, कारण मान जराही दबलेली नाही.

याला आपल्या जिल्ह्यातच एक सुंदर अपवाद आहे. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचे चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. जनाबाई जात्याशी बसली आहे आणि पांडुरंग समोर बसून तिला दळू लागतो आहे. गंगाखेडची ही पोर पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेली. दळण-कांडण, झाडलोट, शेणगोवऱ्या, पाणी भरणे हे तिचे आयुष्य, आणि त्याच कामांतून तिची अभंगवाणी निघाली. बाकीच्या चित्रांत देव सिंहासनावर असतो, कमळावर असतो, गरुडावर असतो. या एका चित्रात तो भुईवर बसून बाईच्या कामाला हात लावतो. चित्रकाराने जनाबाईला गोरीपान केली असेल, लुगडे कोरे करकरीत नेसविले असेल, ते सोडून देऊ. पण जात्याचा खुंटा दोघांच्या हातात आहे. काम हाच त्या चित्राचा विषय आहे. साध्या बायकांना ते इतके का आवडते, याचे कारण मला हेच वाटते. आपल्या कामाकडे कोणीतरी पाहिले, हे त्या चित्रात त्यांना दिसते.

आता मुंबईकडे वळू. जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. लॉकवुड किपलिंग नावाचे एक इंग्रज गृहस्थ १८६५ साली तेथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, १८६९ साली उभी राहिली. तिच्या दारावरच्या दगडी पट्टीत किपलिंगांनी हिंदी शेतकरी कोरले. मंडईत जाणाऱ्या किती लोकांनी मान वर करून ते पाहिले असतील कोण जाणे! पण एवढ्या मोठ्या इमारतीच्या कपाळावर राजाराणी न कोरता पिकविणारी माणसे कोरावीत, ही कल्पना त्या काळी लहान नव्हती.

याच शाळेतून आपले महादेव विश्वनाथ धुरंधर तयार झाले. जन्म १८६७, कोल्हापूरचे. १८९० साली ते जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि तेथेच मोठ्या पदाला चढले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. लग्नातली लगबग, बाजार, मिरवणूक, रस्त्यावरचे लोक, हे त्यांनी जितके चितारले तितके क्वचितच कोणी चितारले असेल. पागोट्याची ठेवण, लुगड्याचा काष्टा, नथीचा आकार यात त्यांची चूक काढणे कठीण. ऑटो रॉथफील्ड या अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. ते पुस्तक १९२० साली निघाले. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या व जातीजमातींच्या स्त्रिया एकेक करून उभ्या आहेत. चित्रे देखणी आहेत. पण पुस्तकच असे मांडलेले, की प्रत्येक बाई आपल्या जातीचा नमुना म्हणून उभी. तिचे नाव नाही, तिचे सुखदुःख नाही. धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई याही चित्रकार झाल्या. जे. जे.ची पदविका मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. मुलीच्या हाती कुंचला देणारा बाप त्या काळी विरळाच, एवढे श्रेय धुरंधरांना दिलेच पाहिजे.

ज्या १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली, त्याच साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक चित्र लागले. चित्रकाराचे नाव मिले. त्याचा जन्मच शेतकऱ्याच्या घरातला. चित्रात तीन बायका आहेत. कापणी संपलेल्या शेतात पडलेली कणसे त्या वेचीत आहेत. त्याची छापील प्रत माझ्याजवळ आहे. शाळेत मी ती मुलींना दाखवी, आणि मुली म्हणत, "छान आहे, बाई." एकदा ती प्रत माझ्या टेबलावर पडली होती आणि आमच्याकडे भांडीधुण्याला येणाऱ्या मावशी केर काढता काढता थांबल्या. दुधनाकाठच्या एका गावातून त्या परभणीला आलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, ह्या सरवा येचायल्यात न्हवं?"

मी म्हटले, "होय. तुम्ही कशावरून ओळखलेत?"

"वळखायला काय लागतंय? दोघी वाकल्यात, अन् ही तिसरी कंबर धरून उठायली. तिचं वय झालंय. अन् त्या मागल्या गंजी मालकाच्या. ह्यांच्या हातात बगा, मूठभर पन न्हाई. ह्यो घोड्यावरला मुकादम आसंल."

भगिनींनो, त्या चित्राच्या मागच्या बाजूस धान्याच्या मोठमोठ्या गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, आणि अगदी दूर घोड्यावर बसलेला देखरेख्या आहे. तो इतका लहान काढला आहे की पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. मावशींच्या नजरेतून तो सुटला नाही. पॅरिसच्या टीकाकारांनी त्या चित्रावर त्या वेळी मोठा गहजब केला होता. गरिबांना एवढे मोठे करून दाखविले, हे त्यांना रुचले नाही, उलट त्यात बंडाची भीती दिसली. त्या टीकाकारांना काय दिसले आणि मावशींना काय दिसले, हे मनात शेजारी शेजारी ठेवून पाहा. सरवा वेचण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्या चित्रात ना बंड दिसले, ना नुसते सौंदर्य. त्यांना हिशेब दिसला. कोणाच्या हातात किती, आणि मागे कोणाची रास. चांगल्या लोकजीवनचित्राची कसोटी मला त्या दिवशी कळली. ज्यांचे जीवन काढले आहे त्यांना ते वाचता आले पाहिजे.

या कसोटीवर आता एका दूरच्या देशाचे चित्र पाहू. फिलिपाईन्स हा पूर्वेकडचा बेटांचा देश. भातशेतीचा, पावसाचा, माडांचा, म्हणजे बराचसा आपल्या कोकणासारखा. १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते, मग अमेरिकेचे, आणि १९४६ साली देश स्वतंत्र झाला. तेथील फर्नांडो आमोर्सोलो (जन्म १८९२, मृत्यू १९७२) या चित्रकाराने आयुष्यभर खेडे रंगविले. भाताची लावणी, कापणी, नदीवर धुणे, आंब्याच्या झाडाखाली दुपारची न्याहारी. १९२२ सालचे त्याचे भातलावणीचे चित्र इतके लोकप्रिय झाले, की भित्तिपत्रकांवर आणि दिनदर्शिकांवर घरोघर गेले. माणसांच्या पाठीमागून येणारा प्रकाश ही त्याची खासियत. बाईच्या केसांना, खांद्याला, पदराला सोन्याची कडा उमटते. त्या देशाने १९७२ साली 'राष्ट्रीय कलावंत' ही पदवी सुरू केली, तेव्हा पहिला मान त्यालाच दिला.

परक्यांच्या राज्यात आपले खेडे, आपली माणसे, आपले ऊन हेच सुंदर आहे असे लोकांना सांगणारा चित्रकार लोकांना का प्रिय होणार नाही? मनिला शहर वाढत होते. गाव सोडून तेथे आलेल्यांना त्या चित्रांत आपले मागे राहिलेले घर भेटत असेल. हे सर्व मान्य करूनही त्याच्याच देशातील टीकाकार पुढे विचारू लागले, की या खेड्यात जमीनदार कोठे आहे? कुळे कोठे आहेत? कर्ज कोठे आहे? कारण ज्या काळात ही सोनेरी चित्रे घराघरांत टांगली जात होती, त्याच काळात, १९३५ साली, लुझॉन बेटावर सकदल चळवळीतल्या शेतकऱ्यांनी बंड केले आणि ते मोडून काढण्यात आले. चित्रातल्या बाया मात्र हसतच लावणी करीत राहिल्या. वाकून लावणी करताना दिवसभर हसू येते का, हे कोकणातल्या कोणत्याही बाईला विचारावे!

म्हणजे पाहा, आपल्या मुलींच्या कागदावरचे नारळ आणि त्या देशातले सोनेरी ऊन एकाच घराण्यातले आहेत. शहराने खेड्याची आठवण काढली की अशी चित्रे निघतात. आठवण काढणे हा गुन्हा नव्हे. पण आठवणीत कंबर दुखत नाही, आणि चित्रात ती दुखली नाही तर पाहणाराही हळूहळू विसरतो, की ती कोणाची तरी दुखते आहे.

मग खेडे उदास रंगवावे काय? आपल्या देशात तेही झाले. अमृता शेरगिल १९३४ साली पॅरिसहून शिकून परतल्या. पुढे अजिंठ्याची लेणी पाहून त्या भारावून गेल्या, आणि १९३७ साली त्यांनी दक्षिणेतील खेडुतांची मोठी चित्रे काढली. त्यातले एक बाजाराला निघालेल्या गावकऱ्यांचे आहे. काळीसावळी माणसे, मोठे डोळे, शांत चेहरे. कोणी हसत नाही, कोणी रडतही नाही. लोकांना ती चित्रे प्रथम आवडली नाहीत. इतकी खिन्न माणसे कशासाठी, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९४१ साली, त्या वारल्या, आणि आज त्यांची चित्रे देशाचा ठेवा मानली जातात. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी १९५५ साली 'जमीन' नावाचे लांबलचक चित्र काढले. त्यात बैल, चाक, बाई, पेरणी असे सारे खेडे एकेका चौकटीत मांडले आहे. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले.

परंतु मला आज तुमच्यापुढे विशेष ठेवायचे आहे ते एका मराठी बाईचे नाव. बी. प्रभा. जन्म १९३३, नागपूर जिल्ह्यातल्या बेला या गावी. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये त्या शिकल्या. मूर्तिकार बी. विठ्ठल हे त्यांचे पती. दोघांनीही मुंबईत ओढगस्तीचे दिवस काढले. प्रभाबाईंनी काढल्या त्या कोळिणी, शेतकरणी, टोपली घेऊन बसलेल्या, मूल कडेवर घेतलेल्या बायका. लांबट हातपाय, उंच मान, आणि बहुधा सबंध चित्रावर एकाच रंगाचे राज्य. दुष्काळ, भूक, घर नसणे, हेही त्यांनी विषय म्हणून घेतले. आता मौज अशी, की त्यांच्या बायका सुंदर आहेत! कोणालाही दिवाणखान्यात लावाव्या वाटतील इतक्या. पण त्या पाहणाऱ्याकडे पाहून लाडिक हसत नाहीत. त्या आपल्यातच बुडालेल्या असतात. त्यांना आपले काम आहे, आपला विचार आहे. येथे प्रसन्न चित्र मागणाऱ्या मैत्रिणींना उत्तर मिळते आणि खेडे नको म्हणणाऱ्यांनाही मिळते. सौंदर्य आणि सत्य यांचे वैर नाही. हळदणकरांचे हाती दिवा धरलेल्या मुलीचे जलरंगचित्र पाहा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. त्यांची स्वतःची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती. ते सुंदर झाले, कारण बोटांच्या फटींतून येणारा उजेड त्यांनी नीट पाहिला. घागर घेतलेली बाई काढायला माझी हरकत नाही. तिची मान मात्र पाण्याच्या वजनाने दबली पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगून मग भिंतीकडे वळते. वारली चित्रे आता साडीवर, पिशवीवर, चहाच्या कपावर आली आहेत. आपल्यापैकी चारपाच जणींनी आज तीच नक्षी नेसली आहे, हे मला येथून दिसते आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली वस्त्यांत लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकात देवी पालघट बसते, भोवती झाडे, माणसे, लग्नाची वरात. चौक नसेल तर लग्न नाही. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी त्या वस्त्यांत जाऊन राहिले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि ही कला जगापुढे आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मोठे कलावंत झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते वारले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या सवाशिणींनी चौक लिहिले, त्यांच्यापैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? चित्र बायकांचे, भिंत बायकांची, आणि नावाच्या जागी पांढरे पीठ!

आपल्याकडेही तेच. नागपंचमीला भिंतीवर नाग कोणी काढले? उंबऱ्यावर रांगोळी कोणी घातली? संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी म्हणून ती कला नव्हे, असे आपणच म्हणत आलो. गळ्याच्या बाबतीत निदान काही झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत, आणि ओवीखाली म्हणणारीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. जाते गेले, पण ओवी नावासकट राहिली. चित्राचे असे काही आपण करू शकू का?

आता माझा विचार सांगते.

माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या सरावात 'शेतातील काम' या विषयावर चित्र काढले होते. डोंगर नाही, सूर्य नाही, नारळ नाही. कागदभर पऱ्हाटी, पांढरी बोंडे, आणि सात बायका ओळीने पाठमोऱ्या. कमरेला ओट्या बांधलेल्या. कोपऱ्यात बाभळीला झोळी टांगलेली, तिच्यातून एक लहानसा पाय बाहेर आलेला. मी विचारले, "अगं, एकीचाही चेहरा का नाही काढलास?" ती म्हणाली, "बाई, मी धाकट्याला घेऊन बांधावर बसते. तिथून दिवसभर आईची पाठच दिसती."

इतक्या वर्षांत तपासलेल्या चित्रांपैकी मला सबंध आठवते ते हे एकच. ते परभणीचे होते. त्याला पाहून कोणीही म्हणू शकले नसते, की हे कोकण आहे किंवा फिलिपाईन्स आहे.

आपला जिल्हा ज्वारीचा आणि कापसाचा. मानवतच्या, सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात तेव्हा रस्ता पांढरा होतो. त्या गाडीतले प्रत्येक बोंड बाईच्या बोटांनी सुटे केलेले असते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलतात, नखांशी चिरा पडतात, आणि संध्याकाळी काट्यावर किलोमागे हिशेब होतो. वेचणारी बाई, वजन मात्र दुसऱ्याच्या हातात. सातबाऱ्यावर बाईचे नाव असावे म्हणून १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली. तरी आपल्याच नात्यागोत्यात मोजून पाहा, किती उताऱ्यांवर बाईचे नाव आहे. उताऱ्यावर नाव घालणे आपल्या मंडळाच्या हाती नाही. भिंत मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, चित्र आपल्या जिल्ह्याचे असावे. काळी सपाट रानवट जमीन, बाभळ, ज्वारीचे कणीस, कापसाची वेचणी. एका बाजूस गंगाखेडची जनाबाई जात्याशी असावी, कारण या सर्वजणींची ती थोरली बहीण. दुसरी, चित्रकार कोणीही असो, त्याने किंवा तिने आधी दोन दिवस वेचणीला जावे. नुसते बांधावर उभे राहून पाहू नये, ओटी बांधून वेचावे. कच्चे चित्र तयार झाले की ते प्रथम त्या वेचणाऱ्या बायांना दाखवावे, मग कार्यकारी मंडळाला. त्यांनी "हे आसं नसतंय" म्हटले तर ते बदलावे. आणि तिसरी, चित्राखाली चित्रकाराच्या सहीशेजारी त्या बायांची नावे लिहावीत. त्यांची हरकत नसेल तर, त्यांना विचारून, पूर्ण नावाने, गावासकट.

फुले मागणाऱ्या मैत्रिणींना एवढेच सांगते. आपल्या आयांचे हाल भिंतीवर टांगा, असे मी म्हणत नाही. पण त्या आया नुसत्या हाल काढीत नव्हत्या. त्यांना काम येत होते. कोणते बोंड पिकले, कोणते अजून कवडी आहे, हे त्यांची बोटे न पाहता ओळखीत. पदराखाली तान्हे घेऊनही त्यांची ओळ कधी मागे राहात नसे. ओळीत एकीने काही म्हटले की सातजणी हसत. ते कसब आणि ते हसूही चित्रात आले पाहिजे. ते गाळले तर तीही अर्धीच गोष्ट होईल, त्या नारळांसारखी. फुलेही काढू. कापसाचे फूल पहिल्या दिवशी फिके पिवळे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. आपल्यापैकी किती जणींनी ते पाहिले आहे? सबंध भिंतीची कड त्या फुलांनी भरता येईल.

प्रसन्न चित्र मागणाऱ्या मैत्रिणींना सांगते, की चेहरे असू द्यावेत, रंग उजळ असू द्यावेत, सकाळचे कोवळे ऊन असू द्यावे. वेचणी पहाटेच सुरू होते, तेव्हा उन्हाला तेथे खरी जागा आहे. फक्त सातजणींमध्ये एकजण तरी पाठमोरी ठेवा. बांधावर बसलेल्या मुलीला जे दिसले, ते आपल्याही भिंतीवर असू द्या.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न येईल. आमच्या मावशींनाही मी त्या बैठकीचे निमंत्रण आजच देत आहे. मंडळाच्या नियमांप्रमाणे त्यांना मत देता येणार नाही, पण बोलायला हरकत नसावी, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. चित्र वाचण्यात त्या आपल्या सर्वांहून तरबेज आहेत.